पर्यवेक्षकाला आधी शिकवा, मग खुर्चीवर बसवा

प्रति,
मा. मुख्य सचिव, महाराष्ट्र शासन
मा. अपर मुख्य सचिव (सेवा), सामान्य प्रशासन विभाग
मा. महासंचालक, यशदा, पुणे
सर्व विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषदांचे मुख्य कार्यकारी अधिकारी

विषय : पदोन्नतीने पर्यवेक्षक होणाऱ्या कर्मचाऱ्यांना कार्यालय चालवण्याचे प्रत्यक्ष शिक्षण देण्याबाबत

महोदय, महोदया,

राज्यातल्या कुठल्या ना कुठल्या कार्यालयात सतत कोणाला तरी पदोन्नती मिळत असते. महसूल सहायकाचा अव्वल कारकून होतो (या पदाला आता सहायक महसूल अधिकारी म्हणतात), अव्वल कारकुनाचा नायब तहसीलदार होतो, जिल्हा परिषदेतला वरिष्ठ सहायक कनिष्ठ प्रशासन अधिकारी होतो. आदेशात नव्या पदस्थापनेचे ठिकाण असते, रुजू होण्याची मुदत असते, वेतननिश्चितीचा उल्लेख असतो. उद्यापासून पाच-सहा माणसांचे काम आपल्याला बघायचे आहे आणि ते कसे बघायचे, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही. रुजू होताना सांगत नाही, पुढे कित्येक वर्षे सांगत नाही.

मी एका जिल्हास्तरीय शासकीय कार्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. चांगल्या पर्यवेक्षकांच्या हाताखाली मी घडले. ज्यांना पर्यवेक्षण म्हणजे काय हे कधी उमगलेच नाही, अशांच्या हाताखाली चांगली माणसे वाया जातानाही पाहिली. आजही नव्याने बढती मिळालेल्यांचे मला फोन येतात आणि त्यांचे प्रश्न नियमांचे क्वचितच असतात. ‘मॅडम, एक जण कामालाच हात लावत नाही, काय करू?’ ‘माझ्या वडिलांच्या वयाचे भाऊसाहेब माझ्या हाताखाली आहेत, त्यांना चूक कशी सांगू?’ ‘सगळं मलाच करावं लागतं, घरी पोचायला नऊ वाजतात.’ हे पत्र त्या फोनांमुळे लिहिते आहे. मागणी एकच आहे. कोणालाही पर्यवेक्षकाच्या खुर्चीवर बसवण्याआधी त्याला कार्यालय चालवायला आणि माणसांकडून काम करून घ्यायला शिकवा, आणि हे शिक्षण चालत्या कार्यालयात द्या.

बढतीबरोबर काम बदलते

लिपिकाचे काम आपल्या टेबलापुरते असते. टपाल आले की नोंद घ्यायची, नस्ती काढायची, टिपणी लिहायची, मसुदा करायचा, मंजुरी आली की पत्र जावकला द्यायचे. जो नियमांना पक्का आणि हाताने चपळ, तो चांगला लिपिक. पर्यवेक्षकाला मात्र स्वतःच्या हातांनी फारसे काही करायचे नसते. कोणत्या टेबलावर काय अडले आहे, का अडले आहे, कोणाला काय येत नाही, कोणावर भार जास्त झाला आहे, कोण गप्प गप्प आहे, हे त्याला बघायचे असते. आतापर्यंत त्याची किंमत त्याच्या स्वतःच्या कामावरून ठरत होती. आता ती दुसऱ्यांच्या कामावरून ठरणार असते. हा बदल आपोआप कोणाच्या लक्षात येत नाही आणि तो कसा पेलायचा हे आपोआप कोणाला येत नाही.

आपल्याकडे विभागीय परीक्षा आहेत. महसुलात दुय्यम सेवा परीक्षा आहे, पुढे महसूल अर्हता परीक्षा आहे. त्या हव्यातच. ज्याला रजेचे नियम ठाऊक नाहीत तो दुसऱ्याच्या रजेवर निर्णय कसा देणार? पण या परीक्षा माणसाला नियम किती ठाऊक आहेत हे तपासतात. समोरच्या माणसाला त्याची चूक अशी कशी दाखवावी की तो खचणार नाही आणि पुन्हा चुकणारही नाही, हे उत्तरपत्रिकेत तपासता येत नाही. ते कोणाच्या तरी शेजारी बसूनच शिकावे लागते.

न शिकवता बसवलेल्या पर्यवेक्षकांचे मला प्रामुख्याने दोन प्रकार दिसले. पहिला प्रामाणिक असतो, कष्टाळू असतो. हाताखालच्याने केलेला मसुदा त्याला पसंत पडत नाही, म्हणून तो स्वतःच पुन्हा लिहितो. हळूहळू हाताखालची माणसे मसुदा जेमतेम करून पाठवू लागतात, कारण साहेब तो बदलणारच आहेत हे त्यांना ठाऊक झालेले असते. संध्याकाळी सात वाजता एकट्या पर्यवेक्षकाच्या टेबलावर दिवा असतो आणि बाकीची टेबले साडेपाच-सहालाच रिकामी झालेली असतात. वरिष्ठ त्याच्या कष्टाचे कौतुक करतात. तो रजेवर गेला की कार्यालय थांबते. दुसरा प्रकार सही करून पुढे पाठवणाऱ्याचा. खालून आलेली नस्ती तो वाचत नाही, वर पाठवतो. वरून आलेला शेरा समजून घेत नाही, खाली पाठवतो. त्याच्या टेबलावर काहीच प्रलंबित नसते, पण त्याच्या सहीने कुठल्याच प्रकरणात भर पडलेली नसते.

दोघांपैकी कोणी वाईट माणूस नाही. आपले नवे काम काय आहे हे दोघांनाही कोणी दाखवलेले नाही.

एका टिपणीची गोष्ट

हे किती महाग पडते ते एका उदाहरणावरून सांगते. एका कार्यालयात अनुकंपा तत्त्वावर लागलेली एक मुलगी होती. वडील सेवेत असताना गेले, घराची जबाबदारी अंगावर आली, नोकरी मिळाली आणि रुजू झाल्याबरोबर आस्थापनेचे टेबल मिळाले. आधी त्या टेबलावर असलेला लिपिक बदली होऊन गेला होता. त्याने कपाटाची किल्ली दिली होती, प्रलंबित प्रकरणांची यादी दिली नव्हती. तिच्याकडे एका शिपायाचे वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीचे प्रकरण आले. तिने तिला जमेल तशी टिपणी लिहून सादर केली.

नस्ती परत आली. शेरा होता, ‘चर्चा करा’. ती चर्चेला गेली तेव्हा साहेब बैठकीत होते, दुसऱ्या दिवशी दौऱ्यावर होते. तिने पुन्हा सादर केली. या वेळी शेरा, ‘नियमानुसार सादर करावे’. कोणता नियम, ते लिहिलेले नव्हते. पुढच्या खेपेस ‘तपासून फेरसादर’. नस्तीवर शेरे वाढत गेले आणि तो शिपाई रोज दुपारी दारात उभा राहून विचारून जात राहिला. त्याने रुग्णालयाचे बिल उसनवारीने भरले होते. मुलगी घरी जाऊन रडत असे. कार्यालयात तिच्याबद्दल मत झाले होते, की अनुकंपावाल्यांना काही येत नाही.

शेवटी शेजारच्या टेबलावरच्या एका वरिष्ठ लिपिक बाईंनी दुपारच्या डब्यानंतर आपली खुर्ची तिच्याकडे ओढली. कोरा कागद घेतला आणि त्यावर पाच ओळी लिहिल्या. प्रकरण कशाबद्दल आहे. वस्तुस्थिती काय आहे. नियम किंवा शासन निर्णय काय म्हणतो. अशाच आधीच्या प्रकरणात काय झाले. आपला प्रस्ताव काय आणि तो मंजूर करण्याचा अधिकार कोणाला. मग म्हणाल्या, ‘या पाचांची उत्तरं लिही, क्रमानं. प्रत्येक कागदाला पताका लाव आणि टिपणीत त्या पताकेचा उल्लेख कर. साहेबांना कागद शोधायला लागता कामा नये.’ त्या दुपारी टिपणी तयार झाली आणि मंजूरही झाली. पुढे त्या मुलीची टिपणी परत आल्याचे मी फारसे ऐकले नाही.

त्या बाई पर्यवेक्षक नव्हत्या. पर्यवेक्षकाचे काम त्यांनी आपल्या मनाने, आपल्या वेळात केले. ज्याच्या पदाचे ते काम होते तो अधिकारी दुष्ट नव्हता. शेरा मारणे म्हणजेच पर्यवेक्षण, असे त्याला त्याच्या वरिष्ठांकडे पाहून वाटत आले होते. ‘चर्चा करा’ हा शेरा चर्चेची वेळ दिल्याशिवाय मारू नये आणि ‘नियमानुसार’ हा शब्द नियमाचा क्रमांक लिहिल्याशिवाय वापरू नये, एवढे जरी प्रत्येक नव्या पर्यवेक्षकाला पहिल्या दिवशी शिकवले, तरी राज्यातल्या हजारो नस्त्यांचे हेलपाटे वाचतील. त्या नस्त्यांमागची माणसे दारात ताटकळणार नाहीत.

पद्धत आपल्या घरातच आहे

यासाठी परदेशातले व्यवस्थापनशास्त्र आणायची गरज नाही. आपल्या राज्यात दप्तर नीट ठेवण्याची स्वतःची परंपरा आहे. ब्रिटिश काळात अहमदनगरचे जिल्हाधिकारी असलेल्या अँडरसन यांनी शंभर वर्षांपूर्वी सहा गठ्ठ्यांची पद्धत घालून दिली. लिपिकाच्या टेबलावरचे सगळे कागद सहा भागांत विभागायचे. एक, ज्यावर मला आज काम करायचे आहे ते. दोन, ज्यावर दुसऱ्याच्या उत्तराची वाट आहे ते. तीन, ठरावीक मुदतीने पाठवायची नियतकालिक विवरणपत्रे. चार, स्थायी आदेश. पाच, निकाली निघालेले आणि अभिलेख कक्षात पाठवायचे कागद. सहा, मुदत संपल्यावर नष्ट करायचे कागद. पुढे हे सारे विस्मरणात गेले. १९८२ ते १९८४ या काळात त्याच जिल्ह्यात जिल्हाधिकारी असलेल्या अनिलकुमार लखिना यांनी ही पद्धत पुन्हा उभी केली. बैठकव्यवस्था, अभिलेख आणि कामाची रीत या तिन्ही गोष्टी त्यांनी एकत्र हाताळल्या. ‘लखिना पॅटर्न’ बघायला राज्याबाहेरूनही लोक आले.

या प्रयोगातून मी घेतलेला धडा असा. सहा गठ्ठे बांधून ठेवणे म्हणजे नुसती टापटीप नव्हे, ते पर्यवेक्षकाच्या हातातले साधन आहे. कागद एकाच ढिगात असतील तर पर्यवेक्षकाला ‘काम बरंच आहे साहेब’ एवढेच ऐकू येते. कागद सहा ठिकाणी असतील तर पाच मिनिटांत कळते, की पहिल्या गठ्ठ्यात चाळीस कागद आहेत, म्हणजे माणूस दमला आहे किंवा अडला आहे. दुसऱ्या गठ्ठ्यात चाळीस आहेत, म्हणजे स्मरणपत्रे जात नाहीत. दोन्ही दुखण्यांचे औषध वेगळे आहे. अभिलेखांचे अ, ब, क-१, क आणि ड हे वर्गीकरणही असेच. काही कायम ठेवायचे, काही ३० वर्षे, काही १०, काही ५, काही १ वर्ष. हे लावले नाही तर कपाटे नको त्या कागदांनी भरतात आणि माहितीच्या अधिकारात ३० दिवसांत द्यायचा कागद सापडत नाही. मग ज्याच्या टेबलावर अर्ज आला त्या लिपिकाला दोष दिला जातो. वर्षानुवर्षे दप्तर कोणी बघितले नाही, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

कायदाही आपल्याकडे आहे. बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा २००५चा अधिनियम सांगतो, की सर्वसाधारणपणे कोणतीही नस्ती कोणाही कर्मचाऱ्याकडे ७ कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त काळ राहू नये. तत्काळ नस्ती शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, तातडीची ४ दिवसांत. २०१५चा लोकसेवा हक्क अधिनियम नागरिकाला मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क देतो आणि कसूर करणाऱ्याला दंड सांगतो. दंड मोठ्यांदा सांगितला जातो. पण सात दिवस पाळायचे कसे, त्यासाठी सोमवारी सकाळी काय बघायचे आणि गुरुवारी दुपारी काय विचारायचे, हे कोणत्याही अधिनियमात लिहिलेले नसते. ते शिकवावे लागते.

शिकवायचे काय

पहिली गोष्ट, टेबल बघणे. प्रत्येक लिपिकाची कार्यविवरण नोंदवही असते, आठवड्याचा गोषवारा असतो. मागील शिल्लक किती, नवीन आवक किती, निर्गती किती, शिल्लक किती, त्यातली जुनी किती. बऱ्याच ठिकाणी हा गोषवारा तपासणीच्या आदल्या रात्री भरला जातो. नव्या पर्यवेक्षकाला शिकवा, की सोमवारी सकाळचा अर्धा तास प्रत्येक टेबलाजवळ जाऊन उभा राहा, गोषवारा आणि गठ्ठा समोरासमोर ठेव आणि सगळ्यात जुन्या तीन कागदांबद्दल विचार. ‘का झालं नाही?’ एवढेच विचारले तर सबब मिळते. ‘हे पुढे न्यायला तुला काय लागेल?’ असे विचारले तर अडचण कळते. त्याला एखादा संदर्भ हवा असतो, दुसऱ्या विभागाचा अभिप्राय हवा असतो किंवा आपला अंदाज चुकला तर साहेब रागावतील ही भीती असते.

ई-ऑफिस आल्यापासून पडद्यावर कोणाकडे किती नस्त्या किती दिवसांपासून आहेत ते दिसते. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागून जे कागद गेले, त्यानंतर फायली संगणकावर आणण्याची गरज सगळ्यांना पटली, हे चांगलेच झाले. पण पडदा फक्त आकडा दाखवतो. त्या आकड्यामागचा माणूस बघायला पर्यवेक्षक लागतोच.

दुसरी गोष्ट, काम वाटणे. सगळीकडे असे होते, की जो करतो त्याच्याकडे आणखी काम जाते आणि जो करत नाही त्याच्याकडचे काढून घेतले जाते. दोन वर्षांत करणारा कंटाळतो, न करणाऱ्याला त्याची सवय होते. वाटप कागदावर करायला शिकवा. कोणाकडे कोणता विषय, महिन्याला किती टपाल येते, त्यातले किती नेमाचे आणि किती डोके लावण्याचे, आणि प्रत्येक विषय माहीत असलेला दुसरा माणूस कोण. प्रसूती रजा १८० दिवसांची असते आणि ती कधी लागणार हे कित्येक महिने आधी ठाऊक असते. तरी एखादी बाई रजेवर गेल्यावर तिच्या टेबलाची धावपळ सुरू होते आणि ‘बायकांमुळे काम अडतं’ असे बोलले जाते. काम रजेमुळे अडत नाही. दुसऱ्या माणसाची सोय आधी न केल्यामुळे अडते आणि ती सोय करणे पर्यवेक्षकाचे काम आहे.

तिसरी गोष्ट, बोलणे. चूक एकट्यात सांगावी, कौतुक चारचौघांत करावे, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण साहेबांच्या दालनात, अभ्यागतांसमोर, शिपायासमोर लिपिकाला झापणे अजून सर्रास चालते. नव्या पर्यवेक्षकाकडून हे प्रत्यक्ष करून घेतले पाहिजे. समोर एक माणूस बसवा आणि त्याच्याशी उशिरा येण्याबद्दल बोलायला सांगा. ‘तुम्ही नेहमीच उशिरा येता’ यापेक्षा ‘या आठवड्यात तीन दिवस तुम्ही अकरानंतर आलात, टपाल तुमच्यासाठी थांबलं, काही अडचण आहे का?’ हे बोलणे वेगळे आहे आणि त्याची सवय लावावी लागते. आधी ऐकून घ्यावे, मग अपेक्षा स्पष्ट सांगावी, मग पुन्हा कधी बघणार ती तारीख सांगावी. वयाने मोठ्या भाऊसाहेबांशी बोलताना त्यांच्या अनुभवाला मान द्यावा, पण काम कोणत्या तारखेला हवे ते सांगताना आवाज खाली घेऊ नये. स्पर्धा परीक्षेतून थेट आलेल्या तरुण नायब तहसीलदाराला आणि कक्ष अधिकाऱ्याला याची सर्वांत जास्त गरज पडते.

चौथी गोष्ट, कागदावर आणणे. तोंडी सांगूनही फरक पडत नसेल तर ज्ञापन कधी द्यावे, कारणे दाखवा नोटीस कधी द्यावी, तिच्यात आरोप नेमका आणि तारखेसह कसा मांडावा. १९७९चे वर्तणूक नियम आणि शिस्त व अपील नियम प्रत्येक कपाटात असतात, पण अनेक पर्यवेक्षक वर्षभर काहीच लिहीत नाहीत आणि एके दिवशी संतापून थेट कडक प्रस्ताव पाठवतात. तो टिकत नाही, माणूस आणखी निर्ढावतो आणि पर्यवेक्षकाची पत जाते. गोपनीय अहवालाचेही तेच. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त प्रकरणात सांगितले, की प्रतिकूल असो वा नसो, अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. म्हणजे वर्षभर काहीही न बोलता मार्चअखेरीस एक शब्द लिहून मोकळे होण्याची सोय उरलेली नाही. अहवालात जे लिहिणार ते वर्षभरात त्या माणसाला सांगितलेले असले पाहिजे. जे चांगले केले तेही.

पाचवी गोष्ट, माणूस जपणे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक कार्यालयात समिती असावी असे सांगतो. समितीच्या नावांचा फलक भिंतीवर असतो. पण एखादी मुलगी दबक्या आवाजात पहिल्यांदा काही सांगते ती आपल्या पर्यवेक्षकालाच. त्या क्षणी ‘जाऊ दे, लक्ष देऊ नकोस’ असे म्हणायचे नाही, हे त्याला आधी शिकवलेले असले पाहिजे. दारू पिऊन येणारा शिपाई, कर्जात बुडालेला लिपिक, आईच्या आजारपणाने पिचलेली स्टेनो, हे सगळे त्याच्यासमोर येणार आहेत. रजा मंजूर करणे नियमात आहे. कोणाला रजा घ्यायला सांगितले पाहिजे हे ओळखणे शिकण्यात आहे.

सहावी गोष्ट, वरच्यांशी बोलणे. आज प्रत्येक कार्यालयात व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आत्ताच्या आता माहिती पाठवा’ असे संदेश येतात. ज्याला नाही म्हणता येत नाही तो पर्यवेक्षक तो संदेश जसाच्या तसा खाली ढकलतो आणि सगळे नियमित काम बाजूला पडते. मागणी आली की तिच्यासाठी कोणते काम थांबेल ते वरिष्ठांना नम्रपणे विचारणे, मागितलेली माहिती आधीच्या विवरणपत्रात आहे का ते बघणे, आपल्या माणसांना श्वास घ्यायला वेळ मिळवून देणे, हेही पर्यवेक्षण आहे.

कसे शिकवायचे

२०११च्या राज्य प्रशिक्षण धोरणात पदोन्नतीनंतरच्या प्रशिक्षणाला स्थान आहे. १९६३ पासून चालत आलेली आणि आज यशदा म्हणून ओळखली जाणारी संस्था आहे, नागपूरला वनामती आहे, विभागीय प्रशिक्षण संस्था आहेत. केंद्राचे मिशन कर्मयोगी २०२० मध्ये मंजूर झाले, त्याचे ऑनलाइन अभ्यासक्रम कर्मचाऱ्यांसाठी खुले आहेत. म्हणजे व्यवस्था आहे. पण प्रशिक्षणाला नाव गेलेला माणूस बऱ्याचदा पद घेतल्यावर वर्ष-दीड वर्षाने जातो, थंड सभागृहात दिवसभर सादरीकरणे पाहतो, प्रमाणपत्र घेऊन परत येतो आणि दुसऱ्या दिवशी जुन्याच रीतीने काम करतो. कारण त्याने पोहण्याबद्दल ऐकले, पाण्यात उतरला नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

१. पर्यवेक्षकीय पदावर पदोन्नती मिळालेल्या प्रत्येकाला पदभार घेण्याआधी तीन आठवड्यांचे शिक्षण द्यावे. पहिला आठवडा संस्थेत. उरलेले दोन आठवडे आपल्या कार्यालयाबाहेरच्या, नीट चालणाऱ्या एखाद्या कार्यालयात, तिथल्या अनुभवी अधीक्षकाच्या शेजारी बसून. सोमवारचा गोषवारा, कामाचे वाटप, एक टिपणी शिकवणे आणि एक अवघड बोलणे, हे चार प्रसंग त्याने स्वतः हाताळावेत.

२. पहिले सहा महिने प्रत्येक नव्या पर्यवेक्षकाला एक मार्गदर्शक द्यावा, जो त्याचा वरिष्ठ नसेल आणि त्याचा अहवाल लिहिणारही नसेल. चांगले काम करून निवृत्त झालेले अधीक्षक, नायब तहसीलदार, प्रशासन अधिकारी प्रत्येक जिल्ह्यात आहेत. बोलावले तर ते येतील.

३. टेबलाचा कार्यभार देताना प्रलंबित प्रकरणांची वयानुसार यादी, स्थायी आदेशांचा गठ्ठा आणि नियतकालिकांचा तक्ता दिल्याशिवाय कार्यमुक्त करू नये. नव्या लिपिकाला पहिले पंधरा दिवस कोणाच्या तरी हाताखाली बसवावे.

४. वार्षिक दप्तर तपासणीत पर्यवेक्षकाला एक प्रश्न हमखास विचारावा : या वर्षी तुमच्या हाताखालच्या प्रत्येकाला तुम्ही कोणते नवे काम शिकवले? त्याचे उत्तर त्या-त्या लिपिकाकडून पडताळून पाहावे आणि पर्यवेक्षकाच्या स्वतःच्या मूल्यमापनात धरावे.

५. लिपिकाकडून नवा मसुदा न मागता तो स्वतःच पुन्हा लिहिणे आणि कारण न लिहिता नस्ती परत करणे, या दोन सवयी टाळण्याबाबत सामान्य प्रशासन विभागाने एक साधे परिपत्रक काढावे.

यावर काय उत्तर येईल ते मला ठाऊक आहे. पदे रिक्त आहेत, आहे तीच माणसे पुरत नाहीत, तीन आठवडे कोण सोडणार? पण ज्या कार्यालयात माणसे कमी आहेत तिथेच पर्यवेक्षक शिकलेला असणे सर्वांत निकडीचे आहे. सहाच्या जागी चार माणसे असताना काम चुकीचे वाटले गेले, टिपण्या तीनदा परत आल्या आणि एक जण चिडून दीर्घ रजेवर गेला, तर काम तिघांवर येते. तीन आठवड्यांची उसनवार करणे परवडते. एक न शिकवलेला पर्यवेक्षक वीस वर्षे सांभाळणे परवडत नाही.

दुसरे उत्तर असे, की माणसे सांभाळणे अंगात असावे लागते, ते शिकवून येत नाही. मी हे मानत नाही. माझ्या ओळखीतले उत्तम पर्यवेक्षक अंगभूत गोडवा असलेले नव्हते. काही तर तुसडे होते. पण ते गोषवारा न चुकता पाहायचे, शेऱ्यात कारण लिहायचे, शब्द पाळायचे आणि वरिष्ठांसमोर आपल्या माणसाच्या पाठीशी उभे राहायचे. या सगळ्या सवयी आहेत आणि सवयी लावता येतात.

आपण धोरणे आखता, सेवा ऑनलाइन आणता, मुदती ठरवता. या सगळ्याचे शेवटचे टोक तालुक्याच्या कार्यालयातल्या एका पर्यवेक्षकाच्या टेबलाशी येऊन मिळते. तिथे बसलेल्या माणसाला आपले काम येत असेल, तर शेतकऱ्याचा फेरफार मुदतीत होतो, विधवेचे निवृत्तिवेतन सुरू होते आणि नवी लिपिक मुलगी नोकरी सोडण्याचा विचार करत नाही. येत नसेल, तर कोणतेही धोरण तिथेच अडकते. राज्यातला एक जिल्हा निवडा, पुढच्या वर्षी तिथे पदोन्नती होणाऱ्या प्रत्येकासाठी वरच्या पाच मागण्या राबवा आणि वर्षाअखेर तिथला गोषवारा शेजारच्या जिल्ह्याशी ताडून बघा. त्या जिल्ह्यात शिकवायला माझ्यासारखे निवृत्त लोक लागतील, तर मी यायला तयार आहे. आमच्यातले अनेक जण तयार आहेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त कार्यालय अधीक्षक